नागपूरचे ऐक्य, केरळचा वाद

केरळमधील मलंकारा सिरियन चर्चच्या ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट गटांमधील वाद शतकाहून अधिक काळ चालू आहे. २५ मार्च २०२५ रोजी लेबनॉनमध्ये जेकोबाइट गटाच्या नव्या कॅथोलिकॉसांना दीक्षा देण्यात आली. त्यामुळे समेटाची शक्यता आणखी दुरावली आहे.

विशेष म्हणजे दोन्ही गटांची श्रद्धा आणि उपासनाविधी जवळजवळ सारखेच आहेत. मतभेद आहे तो अधिकाराबाबत. अँटिओकचे पॅट्रिआर्क सर्वोच्च आहेत, असे जेकोबाइट मानतात. ऑर्थोडॉक्स गट कोट्टायम येथील कॅथोलिकॉसांना प्रमुख मानतो. चर्चचा कारभार १९३४ च्या घटनेनुसारच चालेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी दिला. त्यानंतर अनेक चर्चचा ताबा ऑर्थोडॉक्स गटाकडे गेला आणि हा वाद दफनभूमीच्या फाटकापर्यंत पोहोचला. अंत्यविधी कोणत्या धर्मगुरूने करावा, यावरून दफनविधी खोळंबू लागले. अखेर २०२० मध्ये राज्याला कायदा करून पूर्वजांच्या दफनभूमीत दफनाचा हक्क द्यावा लागला.

याच देशात याच्या अगदी उलट उदाहरणही घडले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. दक्षिणेत असे ऐक्य १९४७ मध्येच साधले होते. नागपूरमध्ये एकत्र आलेल्या चर्चमधील मतभेद किरकोळ नव्हते. बाप्तिस्मा बालकांना द्यावा की केवळ श्रद्धा प्रकट करणाऱ्या प्रौढांना, या प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपात माणसांना देहदंड झाला होता. नागपूरच्या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या.

अर्थात हे ऐक्य परिपूर्ण नव्हते. मेथॉडिस्टांचा एक मोठा गट अखेरच्या क्षणी बाहेर राहिला. मालमत्तेचे दावेही संयुक्त चर्चला चुकले नाहीत. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सिद्धांत भिन्न असूनही सहभागिता शक्य असते आणि सिद्धांत एक असूनही ती तुटू शकते. 'खरा अधिकार केवळ आमचाच' हा आग्रह कितपत ताणला जातो, यावर ते अवलंबून असते.

केरळच्या कायद्याने दफनभूमीचे फाटक उघडले आहे. मात्र मृतासाठी दोन्ही गटांनी एकत्र प्रार्थना करावी, अशी सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. तो निर्णय धर्मप्रमुखांनी आणि श्रद्धावंतांनीच घ्यावयाचा आहे.