धुराड्यांचा जमाखर्च

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेने देशातील तीन-चतुर्थांशांहून अधिक कोळशावरील वीजनिर्मिती केंद्रांना धुरातील सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसविण्याच्या बंधनातून मुक्त केले. मूळ नियम डिसेंबर २०१५ चा. पालनासाठी मुदत होती दोन वर्षांची. ती वाढत वाढत काही केंद्रांच्या बाबतीत २०२९ पर्यंत गेली आणि अखेर बहुसंख्य केंद्रांपुरता नियमच मागे घेतला गेला. यामुळे मोठा खर्च वाचला, असे सांगितले जाते. तो खरोखर वाचला, की केवळ दुसऱ्याच्या खात्यावर मांडला गेला, हा खरा प्रश्न आहे.

सवलतीच्या समर्थकांची बाजू प्रथम पाहिली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. भारतीय कोळशात राख पुष्कळ असली तरी गंधक अल्प असते. बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण विहित मर्यादेच्या आत आढळते. यंत्रणेसाठी चुनखडी लागते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय सर्व केंद्रांचा मिळून खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात, म्हणजे युनिटमागे २५ ते ३० पैसे, सांगितला जातो. महिन्याला शंभर युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबावर हा भार २५ ते ३० रुपयांचा होतो. तुटपुंज्या मिळकतीच्या घरात ही रक्कमही जाणवते.

परंतु या युक्तिवादात एक मोठी उणीव आहे. धुराड्यातून निघालेला वायू वायुरूपातच राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात, ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसांत खोलवर शिरतात. श्वसनाचे व हृदयाचे विकार बळावतात ते मुख्यतः अशा कणांमुळे. तेव्हा केवळ वायू मोजून हवा निर्दोष ठरविणे म्हणजे अंगणातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटून घर स्वच्छ झाल्याचे समाधान मानणे होय. केंद्रांची वर्गवारी करताना दहा किलोमीटरांचे अंतर प्रमाण मानले गेले. वारा ही हद्द जाणत नाही.

उत्पादकाच्या हिशेबात न येणारा, पण समाजाला भरावा लागणारा हा खर्च पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच विशद केला होता. आपल्या राज्यात त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत येते. वीज पश्चिमेकडे येते. धुराडी मात्र विदर्भात राहतात. दिवा एकाच्या घरी आणि दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती, अशी ही वाटणी आहे.

आरोग्याचे मोल पैशांत कसे करावे, ही अडचण खरी आहे. अमेरिकेने ते धाडस केले. तेथील १९९० च्या शुद्ध हवा कायद्यातील सुधारणांचे २०२० सालातील लाभ खर्चाच्या तीसपटींहून अधिक असतील, असा अंदाज त्यांच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये मांडला. ते गुणोत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. मिळकतीवरून आयुष्याची किंमत ठरवू लागलो, तर गरिबाचा जीव स्वस्त ठरेल, हेही विसरता कामा नये. तथापि किंमत ठरविणे कठीण म्हणून ती शून्य धरणे, हा सर्वांत चुकीचा अंदाज होय.

याचा अर्थ प्रत्येक जुन्या केंद्रावर तीच यंत्रणा लादावी असा नाही. लवकरच बंद व्हावयाच्या संचावर कोट्यवधी रुपये घालणे शहाणपणाचे ठरणार नाही. काही ठिकाणी राखेचे कण रोखण्यावर केलेला खर्च अधिक फलदायी ठरेल. पण बाहेर सोडलेल्या वायूवर टनामागे आकार बसविता येईल, आणि सवलत देण्यापूर्वी प्रत्येक केंद्राचा दोन्ही बाजूंचा हिशेब प्रसिद्ध करता येईल. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळील केंद्रांचा निर्णय प्रकरणपरत्वे घेण्याची तरतूद याच अधिसूचनेत आहे. निदान तेथे तरी यंत्रणेच्या किमतीशेजारी आजारपणाचा रकाना असलाच पाहिजे. वीजबिलात न दिसणारे पैसेही कोणीतरी भरतच असतो.