गाऱ्हाण्यांची सभा आणि सत्तेची सभा

महाराष्ट्रातील एकोणतीस महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि शहरी जनतेला तिचे लोकनियुक्त सभागृह परत मिळाले. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून, तर नवी मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथे २०२० पासून प्रशासकाची राजवट होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, ही राज्यघटनेची आज्ञा आहे. आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळत राहिला आणि ही आज्ञा वर्षानुवर्षे बासनात पडून राहिली. तरीही शहरांतून त्याविरुद्ध मोठे जनआंदोलन उभे राहिले नाही. हे असे का झाले, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने केला पाहिजे. गटार तुंबले म्हणजे पूर्वी नगरसेवकाच्या दारी जावे लागे. प्रशासकाच्या काळात क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. दोन्हीकडे नागरिक याचकच होता. जे आपल्या हाती कधी नव्हतेच, ते हिरावले गेल्याचे दुःख माणसाला होत नाही.

प्रभागात नागरिकांच्या बैठका होतच नाहीत, असे नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कार्यालयाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात. पाणीपुरवठ्याचे अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि बोलावणे पोहोचले असेल तर पोलीस ठाण्याचा एखादा उपनिरीक्षक समोर बसतो. रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याचे ढीग, चौकातला गुत्ता, रात्रीची गुंडगिरी या तक्रारी एकामागून एक मांडल्या जातात. इतिवृत्तात ‘संबंधित खात्याकडे पाठविण्यात आले’ असा शेरा पडतो आणि पुढल्या बैठकीत त्याच तक्रारी पुन्हा ऐकू येतात. अधिकारी बहुधा दुष्ट नसतात आणि बोलणारेही अडाणी नसतात. दोष सभेच्या घडणीत आहे. ज्या सभेच्या हाती पैसा नाही आणि जिला पोलिसांना जाब विचारता येत नाही, ती सभा गाऱ्हाण्यापलीकडे जाऊच शकत नाही.

कायद्याने काहीच दिले नाही, असेही म्हणता येत नाही. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या तीन प्रतिनिधींपर्यंत जागाही ठेवल्या. पण प्रमाण पाहावे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे एक कोटी चोवीस लाख होती आणि प्रशासकीय विभाग चोवीस. म्हणजे सरासरीने एका विभागात पाच लाखांहून अधिक माणसे! एवढ्या लोकांच्या समितीला शेजाऱ्यांची सभा म्हणणे ही शब्दांची थट्टा होय. ही उणीव भरून काढण्यासाठी २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. मतदान केंद्राच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसावे, अशी ती कल्पना. ती कागदावरच राहिली. खेड्यातील शेतमजुराला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. तोच मजूर शहरात आला की त्याचा हा हक्क वेशीवरच गळून पडतो.

समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांवर सत्ता उभी राहावी, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. सरकारी व योजनाखर्चापैकी किमान चौथा हिस्सा गाव, शहर व जिल्हा पंचायतींमार्फत खर्च व्हावा आणि सशस्त्र दले वगळता उरलेले पोलीस या पंचायतींच्या अधीन असावेत, असा त्यांचा आग्रह होता. पैसा आणि पोलीस या दोन गोष्टी त्यांनी एकत्र का सांगितल्या, याचे मर्म प्रभागातील कोणत्याही बैठकीत तासभर बसल्यास उमगते. तेथे येणारी जवळजवळ प्रत्येक तक्रार या दोहोंपैकी एकाशी जाऊन भिडते.

प्रथम पैशाचा विचार करू. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावरील खर्चास विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे म्हटले. सार्वजनिक पैसा कोणाच्या गरजेवर प्रथम खर्च व्हावा, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. आज मात्र तो विचारण्याइतकाही पैसा महापालिकांच्या हाती स्वतःचा म्हणून उरलेला नाही. जकात हा काही न्याय्य कर नव्हता, श्रीमंत-गरीब न पाहता तो सरसकट ग्राहकावर पडे. पण ते शहराचे स्वतःचे उत्पन्न होते. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर जकात संपली. इतर शहरांत तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर त्याआधीच बहुतांशी रद्द झाला होता. आता राज्याच्या तिजोरीतून भरपाई येते. भरपाईवर जगणारी संस्था दात्याच्या मर्जीवर जगते आणि तिच्या प्रभागसभांना मग उष्ट्याचाही वाटा उरत नाही.

हे बदलता येते, याचे दाखले आहेत. केरळात १९९६ मध्ये लोकयोजना सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आला आणि खेड्यांत ग्रामसभा, शहरांत प्रभागसभा कामांचा क्रम ठरवू लागल्या. ब्राझीलमधील पोर्तु अलेग्री शहरात १९८९ पासून कामगार पक्षाच्या कारकीर्दीत वस्त्यावस्त्यांच्या सभा अंदाजपत्रकातील कामे ठरवू लागल्या आणि गरीब वस्त्यांच्या सांडपाण्याला व पाण्याला अग्रक्रम मिळाला. पुण्यातही २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे. परंतु त्यात नागरिक अर्ज भरतो आणि निवड कार्यालयात होते. अर्ज मागवणे आणि निर्णय सोपवणे यांत महदंतर आहे. पोर्तु अलेग्रीचा उत्तरार्धही विसरू नये. २००४ मध्ये कामगार पक्षाने ते शहर गमावले आणि पुढे या प्रथेतील जोर ओसरत गेला. पाठीशी संघटना नसेल तर चांगली पद्धतही निवडणुकीच्या एका पराभवाने खिळखिळी होते.

पोलिसांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पोलीस हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी दिलेल्या अठरा विषयांत तो नाही. त्यामुळे पोलीस ठाणे आणि मोहल्ला यांचा संबंध उरतो तो शांतता समितीपुरता. आणि तिच्यात कोणास बोलवावे हे ठाणेदार ठरवतो. या संदर्भात भिवंडीचा अनुभव बोलका आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या यंत्रमागनगरीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या आणि हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना नेहमीच्या भांडणतंट्यांसाठी एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. परंतु जे एका अधिकाऱ्याच्या सद्बुद्धीने उभे राहते, त्याला कायद्याचा आधार नसतो. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला, नागरिक मेले आणि दोन पोलीसही मारले गेले. पोलीस ठाणे कोठे असावे, हा शेजारच्या लोकांना विचारण्याचाच प्रश्न आहे. तो वेळीच उघड सभेत सुटावा, अशी व्यवस्था कायद्याने केलेली नाही.

पोलीस स्थानिक सभेपुढे आणले तर ते गल्लीतल्या दादाच्या मुठीत जातील, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. परंतु आज ते कोणाच्याच मुठीत नाहीत काय? बंद दाराआड आमदाराचा दूरध्वनी चालतो, बिल्डरची ओळख चालते. उघड सभेत निदान सर्वांना सर्व काही दिसते. शिवाय अधिकारांची वाटणी करता येते. गुन्हा नोंदणे, तपास आणि अटक यांत सभेने मुळीच हात घालू नये. ते कायद्याचे व न्यायालयाचे क्षेत्र आहे. गस्त कोठे व केव्हा घालावी, चौकी कोठे असावी, महिलांच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, याचा जाब मात्र ठाणेदाराने दर तीन महिन्यांनी क्षेत्रसभेपुढे द्यावा. एवढ्याने तपासात ढवळाढवळ होत नाही आणि अरेरावीला आळा बसतो.

दुसरा धोका आपल्याच वर्गाकडून संभवतो. सकाळच्या बैठकीला सोसायटीचे चिटणीस आणि निवृत्तिवेतनधारक येतात. धुणीभांडी करणारी बाई, हमाल, फेरीवाला येऊ शकत नाही. मग सभेचा पहिला ठराव फेरीवाले हटवण्याचा होतो आणि पोलिसांकडे मागणी होते ती वस्तीवर नजर ठेवण्याची. लोकशाहीच्या नावाने हे मालमत्तावाल्यांचेच राज्य ठरते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांना दिल्या, त्याचे तत्त्व येथेही लागू व्हावे. क्षेत्रसभेची हद्द आखताना सोसायटी व झोपडपट्टी वेगळी काढू नये, आणि सभा संध्याकाळी भरावी. गरीब बायांना सार्वजनिक कामात रस नसतो, हे म्हणणे महाराष्ट्रात तरी टिकत नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची सोय झाली तेव्हा ‘आडव्या बाटली’ला मत देण्यासाठी त्या मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिल्या. निर्णय आपल्या हाती आहे एवढे कळले, की माणसे येतात.

नवी सभागृहे आता स्थापन झाली आहेत. पक्षाचा नगरसेवक तेथे असो वा नसो, कार्यकर्त्यांना प्रभागात काम आहे. क्षेत्रसभेची तरतूद अमलात आणावी, यासाठी सह्या गोळा कराव्यात. प्रभागातील अंदाजपत्रकी कामांची यादी माहितीच्या अधिकारात मागवून चौकात लावावी. कायद्याची वाट न पाहता वस्तीत संध्याकाळची सभा भरवावी, तिचे इतिवृत्त लिहावे आणि अभियंत्याला व ठाणेदाराला तिचे लेखी निमंत्रण द्यावे. ते पहिल्यांदा येणार नाहीत. दुसऱ्यांदाही कदाचित येणार नाहीत. गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरुवात करणाऱ्या मृणाल गोरे यांच्या पाण्याच्या लढ्याची दखलही सत्ताधाऱ्यांनी पहिल्या मोर्चाला घेतली नव्हती. हंडा घेऊन आलेल्या बायांची संख्या वाढत गेली, तेव्हा पाणी आले. प्रभागातील सत्तेचेही तसेच आहे. ती कोणी आणून देणार नाही. गाऱ्हाणे सांगणाऱ्यांनी हिशेब मागायला सुरुवात केली, की ती त्यांच्याकडे येऊ लागते.