संगणक घेण्यापूर्वीचा हिशेब

चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि सिडकोचे नवे नगर वाढत गेले, तसतसे जालना रस्त्यावरील मुकुंदवाडी हे खेडे कामगारांची दाट वस्ती बनले. कारखान्यात कायम नोकरी मिळेल, या आशेवर येथील एक पिढी उभी राहिली. कंत्राटी पद्धतीने ती आशा क्षीण केल्यानंतर पुढील पिढीसमोर आता निराळा मार्ग ठेवला जात आहे. ग्राफिक डिझाइन शिका, संगणक घ्या आणि घरबसल्या स्वतःचे मालक व्हा, असे तिला सांगितले जाते. हा मार्ग खोटा नाही. परंतु त्यावर पहिले पाऊल टाकताना कुटुंबाची बचत पणाला लागते, आणि म्हणून ते पाऊल नियोजनपूर्वकच टाकले पाहिजे.

पहिला प्रश्न शिक्षणाच्या क्रमाचा आहे. खाजगी वर्ग संगणकाच्या प्रणाली शिकवितात; त्या आवश्यक असल्या तरी त्या म्हणजे कला नव्हे. रेखाटन, अक्षराचे वळण, रंगसंगती आणि पानाची मांडणी ही विद्या कागद-पेन्सिलीवर आत्मसात होते व तिला भांडवल लागत नाही. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देणे हा त्याचा सर्वांत स्वस्त आरंभ होय. मुंबई व नागपूर यांच्याप्रमाणे या शहरातही शासनाचे कला महाविद्यालय आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेण्याचा विचार खाजगी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी अवश्य व्हावा. ज्यांना चार वर्षे थांबणे शक्य नाही, त्यांनी हातची नोकरी न सोडता रोज दोन तास याप्रमाणे किमान एक वर्ष अभ्यासासाठी राखून ठेवावे. इंकस्केप, गिंप आणि क्रिटा या प्रणाली विनामूल्य मिळतात. भाड्याच्या किंवा चोरीच्या प्रणालीवाचून शिकणे अडत नाही. कोरलड्रॉ छापखान्यात चालते, तेव्हा ते छापखान्यातच शिकावे. तेथे काही महिने उमेदवारी केली, तर कागदाची मापे, छपाईतील रंगांचे गणित आणि चुकीच्या मजकुराची किंमत यांचेही ज्ञान होते.

दुसरा प्रश्न बाजारपेठेचा. इंटरनेटवरील कामांसाठी मुकुंदवाडीच्या तरुणाची स्पर्धा साऱ्या जगाशी असते. चित्रे क्षणात तयार करणाऱ्या संगणकीय प्रणाली आल्यानंतर ठोकळेबाज कामाचा भाव आणखी उतरणार, हे उघड आहे. अशा स्थितीत देवनागरी हे त्याचे खरे भांडवल ठरते. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ या अक्षरसंचाची रचना केली, तेव्हा जोडाक्षरे, वेलांट्या आणि मात्रा संगणकाला शिकविण्यास केवढी दृष्टी लागते, हे दिसून आले. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी फलक बंधनकारक करणारी दुरुस्ती राज्याने २०२२ मध्ये केली. फलक, लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, लहान उद्योगांची वेष्टने, या कामांची मागणी जवळपासच आहे. मात्र जून २०२५ मध्ये महापालिकेने जालना रस्त्यालगत अतिक्रमणे पाडली, त्यात मुकुंदवाडीतील दुकानेही गेली. रस्त्याकाठचे दुकान उठले की त्याच्यावर विसंबलेले कामही उठते. सारी भिस्त एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर ठेवू नये, हा त्यातील धडा आहे.

तिसरा आणि सर्वांत उपेक्षित प्रश्न मजुरीचा. समजा, एखाद्याला महिन्याकाठी १८,००० रुपये घरी न्यावयाचे आहेत. साठ हजारांचा संगणक चार वर्षे चालला, तर त्याची झीज दरमहा १,२५० रुपये होते. वीज व इंटरनेट यांचे ७५० धरले की गरज २०,००० वर जाते. महिन्यातील दोनशे तासांपैकी निम्मे काम शोधण्यात, बोलण्यात आणि शिकण्यात जातात. मोबदला मिळतो तो शंभर तासांचा. म्हणजे तासाला २०० रुपये पडले पाहिजेत. सोळा तासांच्या बोधचिन्हाचे किमान ३,२०० झाले. फायव्हरसारखी कंपनी विक्रेत्याच्या मोबदल्यातून वीस टक्के कापून घेते. तेथे तेच काम ४,००० ला द्यावे लागेल. जो ते १,००० रुपयांना करतो, तो स्वतःचे श्रम आणि आईवडिलांची बचत गिऱ्हाइकाला दान देत असतो. पहिली वर्षभर नोकरी सोडू नये, असे म्हणावयाचे ते याच हिशेबाच्या आधारे.

कायद्याचेही थोडे साह्य आहे, पण ते मागणाऱ्यालाच मिळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल, तर ते पाच वर्षांपुरते मानले जाते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व्यावसायिकाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक असून विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ‘उद्यम’ नोंदणीला शुल्क पडत नाही. कामापूर्वी काही रक्कम आगाऊ आणि दुरुस्त्या किती वेळा, हे दोन मुद्दे कागदावर आले, तरी निम्मे तंटे टळतील.

मात्र एकट्या तरुणाने दर वाढविला, तर काम शेजाऱ्याकडे जाते. गिरणीच्या फाटकाशी जो प्रश्न होता, तोच येथे विखुरलेल्या खोल्यांतून उभा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. एक सामाईक खोली, दोन चांगले संगणक, एक मुद्रणयंत्र आणि ठरलेला किमान दर एवढ्यावर अशी संस्था सुरू होऊ शकेल. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा दहा जणांना एकत्र आणावे, आणि पक्षाची पत्रके, फलक व पुस्तिका यांचे काम त्यांना योग्य मोबदल्याने द्यावे. तरुणांकडून ‘चळवळीसाठी’ म्हणून फुकट चित्रे काढून घेण्याची सवय सोडल्यावाचून इतरांना मजुरीचा न्याय शिकविण्याचा अधिकार मिळत नाही.