मोडीतला पडदा

मी बँकेत असताना प्रत्येक यंत्राला हिशेबात घसारा लावायचो. ठरलेली वर्षे सरली की वहीपुरते ते संपले, मग ते चालत असो वा नसो. आज घरोघरच्या लॅपटॉपचे हेच होते आहे. मदरबोर्ड जातो, बिजागरी मोडते आणि धडधाकट पडदाही किलोच्या भावाने भंगारात निघतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुडकणाऱ्या हौशी मुलांना ही वही मान्य नाही. ती पडद्यामागचा मॉडेल क्रमांक वाचतात, त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड जोडतात आणि त्याच पडद्याचा मॉनिटर करतात. जपावे मात्र लागते. २०१० पूर्वीच्या बऱ्याच पडद्यांत उजेडासाठी पाऱ्याची नळी असते आणि तिला शेकडो व्होल्ट लागतात.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली, हे चांगलेच झाले. दुरुस्त करून वापरण्यालाही त्यांत जागा आहे. पण मुख्य मोजमाप वजनाचे आणि सोने, तांबे, लोखंड, अॅल्युमिनियम या धातूंचे. चालता पडदा चुरडला, तर धातू हाती येतो थोडाच. तो घडवताना खर्ची पडलेली वीज, पाणी आणि कसब मात्र कायमचे बुडते. हे मुदतीआधी ठेव मोडण्यासारखेच आहे.

म्हणून शाळांच्या प्रयोगशाळांना आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला चालते भाग रीतसर मिळण्याची वाट हवी, असे मला वाटते. ती सरकारने काढावी. आपण निदान भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी नातवाला विचारावे, ‘पडदा चालतो का रे?’