गोमेसी आणि चपाती

युगांडातल्या लुगांडा भाषेच्या रोजच्या शब्दांवर या अंकापासून लेखमाला सुरू करतोय. तिथे सकाळी भेटणारा विचारतो, ‘वासुझे ओत्या?’ म्हणजे रात्र कशी गेली? आणि कुणी राबताना दिसलं, मग तो अनोळखी का असेना, की ‘जेबालेको’, छान काम चाललंय! आपल्याकडे रस्ता खणणाऱ्याला असं कोण म्हणतं? घड्याळही निराळं. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला पहिला तास. उजाडलं की मोजणी सुरू. कंपालाच्या नाक्यानाक्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून मिळतं, त्याचं नाव ‘रोलेक्स’! (‘रोल्ड एग्ज’ बोलता बोलता झिजलं, इतकंच.)

मला स्वतःला सगळ्यात भावला तो ‘गोमेसी’. चौकोनी गळा, डाव्या बाजूला दोन बटणं, खांद्यावर टोकदार फुगलेल्या बाह्या, कमरेखाली रुंद पट्टा असा हा पायघोळ पोशाख. बुगांडाच्या, म्हणजे लुगांडा बोलणाऱ्या मुलखातल्या, बायका लग्नकार्यात तो तोऱ्यात मिरवतात. नाव मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शिवणाऱ्या गोमेस या गोवेकर शिंप्याचं.

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा तिकडे नोकरी-धंद्याला होते का? असतील, तर जुने फोटो आणि आठवणी जरूर पाठवा.