पोराची शाखा निवडताना गेल्या वर्षीचा भाव पाहू नका

बारावीचा निकाल लागला, की खरिपाच्या तयारीतच खेडोपाडी दुसरी एक गडबड सुरू होते. दूध डेअरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर एकच विषय निघतो, पोराला कशाला घालायचं? एस.टी. स्टँडपासून फाट्यापर्यंत खासगी कॉलेजांचे फलक लागतात. "सीट शिल्लक आहे, आजच बुक करा" म्हणणारे एजंट घरापर्यंत येतात. बियाणे-खताचा पैसा आणि फीचा पहिला हप्ता एकाच महिन्यात उभा करायचा असल्याने शेतकरी गांगरून जातो आणि जो आधी भेटला त्याचे ऐकतो.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण शाखा चुकली तर त्याचा भार शेवटी सातबारावरच येऊन पडतो. लग्न आणि आजारपण यांच्या जोडीने आता शिक्षणापायीही शेत गहाण पडते, हे गावोगाव फिरताना दिसते. म्हणून जेवढा विचार आपण पिकाच्या वाणाचा करतो, निदान तेवढा तरी शाखेचा करावयास हवा.

हे पीक चार वर्षांनी हाती येते

कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सगळा गाव कांदाच लावतो, आणि माल बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो. शिक्षणातही नेमके हेच घडते. फरक एवढाच, की कांदा चार महिन्यांत निघतो आणि पदवी चार वर्षांनी. आज ज्या शाखेची हवा आहे ती मूल बाहेर पडताना राहीलच असे नाही.

डी.एड.चा अनुभव आपल्यासमोर आहे. २००० नंतरच्या दशकात "डी.एड. झाला की गुरुजी झाला" असा हिशेब होता. खासगी अध्यापक विद्यालये भराभर निघाली. लोकांनी देणग्या देऊन, रान विकून पोरापोरींना प्रवेश घेतले. पुढे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, २०१३ पासून टीईटीची परीक्षा आली, आणि हजारो मुले प्रमाणपत्र घेऊन घरी बसली. ओस पडलेली विद्यालये नंतर एकामागून एक बंद झाली. ज्यांचे रान गेले, ते गेलेच.

अभियांत्रिकीचे तेच. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि खेड्यातल्या मुलांना इंजिनिअर होण्याचा रस्ता खुला झाला. ही मोठी गोष्ट झाली, ती नाकारण्याचे कारण नाही. पण कॉलेजे गरजेपेक्षा जास्त झाली आणि २०१२ नंतर काही वर्षे राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. आता संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची हवा आहे. चांगल्या कॉलेजांच्या शाखांवरची प्रवेशमर्यादा तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून उठवली. म्हणजे या शाखांच्या जागा वाढणार आणि चार वर्षांनी तेवढीच मुले एकदम बाजारात उतरणार.

औषधनिर्माणशास्त्राकडेही पाहा. नवीन कॉलेजे वाढू नयेत म्हणून फार्मसी कौन्सिलने घातलेली पाच वर्षांची बंदी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर तालुक्या-तालुक्याला फार्मसी कॉलेजचे फलक लागले. मेडिकल दुकाने मात्र त्या वेगाने वाढत नसतात.

याचा अर्थ या शाखा वाईट आहेत असा नाही. ज्याला गणिताची आवड आहे त्याने संगणक जरूर घ्यावा. पण शेजारच्या पोराला पुण्यात नोकरी लागली एवढ्यावरून आपले पोर त्याच शाखेत घालणे म्हणजे गेल्या वर्षीच्या भावावर यंदाचा कांदा लावणे होय.

कृषी पदवी: खरे काय, खोटे काय

शेतकऱ्याच्या घरात पहिला विचार ॲग्रीचा येतो, आणि तो स्वाभाविक आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या स्वतःच्या महाविद्यालयांपेक्षा त्यांना संलग्न खासगी महाविद्यालये कितीतरी जास्त आहेत. पदवी तीच, अभ्यासक्रम तोच, पण शिकवणी आणि शेत यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

तेव्हा खासगी कृषी महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा आधी त्यांचे शेत पाहा, इमारत नंतर. पाण्याची सोय आहे का, गोठा आहे का, रोपवाटिका चालू आहे की तपासणीपुरती, माती परीक्षणाच्या खोलीला कुलूप आहे की मुले काम करताना दिसतात, हे शेतकऱ्याला पाच मिनिटांत कळते. चौथ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, की प्राध्यापक किती आहेत आणि गावातला कार्यानुभव खरोखर गावात होतो की वहीत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मान्यता आहे का, हेही विचारावे. परराज्यातल्या वा नव्या खासगी विद्यापीठाची कृषी पदवी घेताना तर हे आधी पाहावे. मान्यता नसेल तर पुढे एम.एस्सी.च्या राष्ट्रीय प्रवेशात अडचण येते.

"ॲग्री केलं की सरकारी नोकरी" हा समज मात्र डोक्यातून काढला पाहिजे. कृषी पदवीधराला लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा आहे, बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी पद आहे, पण जागा थोड्या आणि अर्ज फार. २०२३ मध्ये कृषी सेवकांची भरती निघाली, तेव्हा पदविका चालणाऱ्या त्या जागेसाठी पदवीधर आणि एम.एस्सी. झालेली मुलेही रांगेत होती. मी स्वतः पदविकाधारक आहे. दहावीनंतरची कृषी पदविका कमी खर्चात होते आणि ज्याला घरची शेती पाहायची आहे किंवा दुकान टाकायचे आहे त्याला ती उपयोगी पडते. पण केवळ नोकरीच्या आशेवर असाल तर स्पर्धा कोणाशी आहे हे ध्यानात घ्यावे.

कृषी शिक्षणाचा दुसरा उपयोग लोक विसरतात. खते व कीटकनाशके विक्रीच्या परवान्यासाठी आता कृषी वा रसायनशास्त्राचे शिक्षण किंवा ठरावीक प्रमाणपत्र लागते. २००२ पासून चालू असलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत पदवीधर व पदविकाधारकांना ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण आणि प्रकल्पखर्चावर ३६ टक्के अनुदान आहे. महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ते ४४ टक्के आहे. ॲग्रीला घालताना पोराला सरळ विचारा, की नोकरी नाही लागली तर तू याचे काय करशील? त्याच्याकडे उत्तर असेल तर खुशाल घाला.

कोणत्या दाराने आत जाता?

शाखा ठरली, तरी पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न प्रवेश कोणत्या दाराने घेतला हा असतो, आणि इथेच आपली माणसे फसतात.

पहिले दार सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशफेरीचे. या दाराने खासगी विनाअनुदानित कॉलेजात गेलात तरी सवलती लागू होतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्यात कृषीही आले. खुल्या गटातील दुर्बल घरच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या योजना वेगळ्या आहेत. ठिबकसाठी आपण ज्या महाडीबीटीवर अर्ज करतो, तिथेच हेही अर्ज करायचे असतात.

दुसरे दार संस्था पातळीवरच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोट्याच्या जागांचे. कॉलेज तेच, वर्ग तोच, पण या सवलती तिथे नाहीत. तिसरे दार खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांचे. मुलींच्या फीमाफीतून ही विद्यापीठे स्पष्टपणे वगळली आहेत. फलकावर सगळी नावे सारखीच दिसतात, एजंट तर हे सांगतच नाही. "फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा" या एका वाक्यापायी फुकट शिकू शकणाऱ्या मुलीच्या बापाला चार वर्षे पूर्ण फी भरावी लागते. तेव्हा फेऱ्या संपेपर्यंत धीर धरावा.

विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यापेक्षा जास्त मागितल्यास लेखी मागा. देणगी घेण्यास राज्यात १९८७ पासूनच कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. मूळ दाखले अडकवून ठेवण्याचाही कॉलेजला अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये तसे बजावले आहे.

कागदावर हिशेब मांडा

समजा, फी, खोली, मेस, पुस्तके, जाणे-येणे मिळून वर्षाला दीड लाख लागतात. चार वर्षांचे सहा लाख झाले. पोराला सुरुवातीला महिना पंधरा हजारांची नोकरी लागली, तर शहरात राहून-खाऊन त्यातून मागे किती पडेल? महिन्याला तीन हजार पडले तरी व्याज न धरता सहा लाख फिटायला सोळा-सतरा वर्षे लागतात. हाच हिशेब एकराच्या भावाशी लावून पाहा. मग त्याच शाखेचे स्वस्त कॉलेज, घरून जाऊन-येऊन होणारे कॉलेज किंवा दोन-तीन वर्षांची पदविका डोळ्यांपुढे येते.

पैसे कमी पडले तर सावकाराकडे जाण्याआधी बँकेत जावे. केंद्राच्या हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज जमीन तारण न ठेवता मिळू शकते. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे, पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच. तुमचे कॉलेज त्या यादीत आहे का ते पाहा. बाप सहकर्जदार असतो, त्यामुळे त्याचे पीककर्ज थकलेले असेल तर बँक हात आखडते. मार्चअखेर सोसायटीचे नवे-जुने करून ठेवलेले यावेळी कामी येते.

गावपातळीवर करण्यासारखे

प्रवेश हुकतात ते बहुतेक कागदांपायी. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, अधिवास हे निकालानंतर काढायला गेले की सेतूवर रांग आणि सर्व्हर बंद. जात पडताळणीचा अर्ज तर मूल अकरावीत असतानाच टाकावा. वेळेत वैधता मिळाली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी दिवाळीनंतर एक दिवस ठरवून अकरावी-बारावीच्या मुलांचे कागद तपासले, तर गावातली किती तरी शिष्यवृत्ती वाचेल. त्याच दिवशी गावातून शिकून गेलेल्या चार-पाच जणांना बोलवावे. इंजिनिअर, नर्स, ॲग्री झालेला, आयटीआय करून कंपनीत लागलेला, आणि डी.एड. करून शेती करणाराही. फी किती गेली, पगार किती आला, हे त्यांनी मुलांसमोर आकड्यांत सांगावे. एजंटाच्या छापील पत्रकापेक्षा ते ऐकून बापाचा आणि पोराचाही निर्णय लवकर होईल.

आणि घरात बसून ठरवताना पोरालाही बोलू द्या. वाण आपण निवडतो, पण हे पीक स्वतःच्या पायांवर शेताबाहेर जाणारे आहे.