बंदी फक्त मुलींच्याच मोबाईलवर का?

मागच्या महिन्यात बेंबळीत आमच्या मोहल्ल्यातली चार जाणती माणसं बसली होती. मीही होतो. विषय मोबाईलचा. मुलं अभ्यास करत नाहीत, रात्री एक-एक वाजेपर्यंत रील्स चालतात, ही तक्रार खरीच आहे. पण अर्ध्या तासात तोडगा निघाला तो असा : बारावी होईपर्यंत मुलींच्या हातात मोबाईल द्यायचा नाही.

मी विचारलं, "आणि मुलांचं काय?" एक चाचा म्हणाले, "अरे, पोरं बाहेर फिरतात, त्यांना लागतोच." हे सांगताना त्यांचा मोबाईल दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा बोलणं अर्धवट सोडून त्यांनी तो पाहिला.

मला हा निर्णय मान्य नाही. मोबाईलमुळे आपल्या समाजावर जी संकटं आली, ती मुलींमुळे आली का? ७ जून २०२३ ला कोल्हापूर पेटलं, त्याला निमित्त झालं काही पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचं. दगड मारणाऱ्यांचा गुन्हा त्यांचाच, त्यात शंका नाही. पण रागाच्या भरात ठेवलेल्या एका स्टेटसची किंमत स्टेटसशी काडीचा संबंध नसलेल्या दुकानदारांनी मोजली. कोणतीही खबर आली तर आधी शहानिशा करा, हे कुरआनने सूरह हुजुरातमध्ये बजावलं आहे. आपण मात्र पडताळणी न करता फॉरवर्ड करतो आणि पहारा मुलींवर बसवतो. मोबाईल नाही म्हणजे अभ्यासाचे व्हिडिओ नाहीत, शिष्यवृत्तीचा अर्ज नाही, मैत्रिणीचा फोन नाही. याला शिस्त म्हणायचं की शिक्षा?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा रस्ता काढला. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातातून मोबाईल सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये गावातल्या बायकांची बैठक झाली आणि भोंग्याचा निर्णय झाला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो; साडेआठपर्यंत मोबाईल आणि टीव्ही बंद. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही तसाच भोंगा लावला.

तिथे मोबाईल कुणाचा हिसकावला नाही. दीड तासाचा नियम केला आणि तो बापालाही लागू केला. नियम टिकतो तो यामुळेच. समोर बाप स्क्रीनवर बोट फिरवत बसला असेल तर मुलगी पुस्तक का उघडेल?

आपल्याला तर भोंगाही विकत घ्यायला नको. मगरिब ते इशा, साधारण सव्वा ते दीड तास. मगरिबची अजान झाली की घरातले सगळे मोबाईल एका जागी ठेवायचे : अब्बांचा, अम्मीचा, भाईजानचा, सगळ्यांचा. तातडीचा फोन आला तर घ्यावा, बाकी काही नाही.

घरी हा विषय काढला तेव्हा माझी नववीतली मुलगी म्हणाली, "अब्बा, तुमचा मोबाईल कोण काढून घेणार?" मला उत्तर देता आलं नाही. नमाज पढून मशिदीच्या पायऱ्या उतरतानाच मी मोबाईल बाहेर काढतो, हे तिने अनेकदा पाहिलंय.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागणार आहे. मुलींवरची बंदी मागे घ्या आणि बैठकीला घरातल्या बायकांना व मुलींनाही बोलवा. नियम ठरला, तर पहिला मोबाईल माझा ठेवला जाईल.